पाण्यातली रिअ‍ॅक्शन अर्ध्यावर अडकते, तळाशी गोळा धरतो: पॅलेडियम वाढवण्याआधी काय तपासायचं

लक्षण साधारण असं असतं. २ टक्के टीपीजीएस-७५०-एम हा सर्फॅक्टंट (साबणासारखं द्रव्य) घातलेल्या पाण्यात सुझुकी कपलिंग, म्हणजे पॅलेडियमच्या कॅटॅलिस्टने ब्रोमाइड आणि बोरॉनिक आम्ल जोडण्याचं काम, लावलेलं असतं. पहिला अर्धा तास दुधट मिश्रण छान फिरतं. मग हळूहळू ते जड होतं, मॅग्नेटिक बार जागच्या जागी थरथरायला लागतो आणि तळाशी किंवा काचेच्या कडेला चिकट गोळा धरतो. टीएलसीवर (कोणता माल उरलाय ते ठिपक्यांनी दाखवणाऱ्या पट्टीवर) ब्रोमाइडचा ठिपका हटत नाही. रात्रभर ठेवून काही होत नाही. सकाळी आणखी पॅलेडियम घातलं की थोडं पुढे सरकतं आणि पुन्हा थांबतं. शेवटी निष्कर्ष निघतो, "आमचा सबस्ट्रेट (सुरुवातीचा माल) पाण्यात चालत नाही", आणि सगळे परत डीएमएफ या सेंद्रिय द्रावकाकडे वळतात.

हा निष्कर्ष बहुतेक वेळा घाईचा असतो, आणि त्याची किंमत मोठी आहे. डीएमएफ पोटातल्या गर्भाला घातक मानलं जातं. युरोपीय संघाने १२ डिसेंबर २०२३ पासून त्याच्या वापरावर कडक बंधनं आणली आहेत. ज्याला पर्याय हाताशी आहे त्याने तो एका गोळ्यापायी सोडू नये, असं मला मनापासून वाटतं. अशा अडकलेल्या रिअ‍ॅक्शनमध्ये दोष बहुधा रसायनात नसतो, मिसळण्यात असतो. म्हणून आधी फ्लास्कमध्ये नीट बघायचं. कॅटॅलिस्टच्या बाटलीला हात त्यानंतर.

गोळा मुळात धरतो का

टीपीजीएस-७५०-एम हा रेणू तीन तुकड्यांचा आहे: ई जीवनसत्त्व, मध्ये सक्सिनिक आम्लाचा दुवा आणि पुढे पीईजीची (पॉलिइथिलीन ग्लायकॉलची) लांब, पाण्यात रमणारी शेपूट. सांता बार्बरा इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ब्रूस लिपशुट्झ यांच्या गटाने तो २०११ मध्ये पुढे आणला. पाण्यात याचे रेणू एकत्र येऊन ५० नॅनोमीटरच्या आसपासचे मिसेल बनवतात. आत तेलकट गाभा, बाहेर पीईजीचं आवरण. पाण्याला नको असलेले सेंद्रिय रेणू आणि कॅटॅलिस्ट या गाभ्यात दाटीवाटीने भेटतात, म्हणून रिअ‍ॅक्शन खोलीच्या तापमानालाही होते.

आता एक हिशेब करू. हा हिशेब डोक्यात बसला की निम्मं निदान आपोआप होतं. २ टक्के म्हणजे लिटरला २० ग्रॅम. रेणूभार साधारण १२५० धरला तर सर्फॅक्टंट १६ मिलिमोलर झाला. मिसेल तयार व्हायला लागतो त्याच्या कितीतरी कमी, ०.१ मिलिमोलरच्या आसपास. म्हणजे मिसेल भरपूर आहेत, सर्फॅक्टंट वाढवून फारसं काही हाती लागणार नाही. आता सबस्ट्रेटकडे बघा. या रिअ‍ॅक्शन नेहमी ०.५ मोलरला लावतात. सर्फॅक्टंटच्या एका रेणूमागे सबस्ट्रेटचे तीस रेणू! एवढे सगळे एकाच वेळी मिसेलमध्ये मावणं शक्यच नाही. बहुतांश माल बाहेर थेंबाच्या किंवा कणांच्या रूपात थांबलेला असतो. तिथून तो थोडा थोडा मिसेलमध्ये जातो, प्रॉडक्ट होऊन बाहेर पडतो आणि पुढच्याला जागा होते.

ही ये-जा चालू राहणं सगळ्यात महत्त्वाचं. बाहेरचा साठा बारीक थेंबांत विखुरलेला असेल तर ती चालते. साठ्याचा एकच गोळा झाला की पृष्ठभाग आक्रसतो आणि ये-जा थांबते. पिठल्यातल्या गुठळीसारखं होतं, बाहेरून शिजलेलं आणि आत कोरडं पीठ. मिसेलमध्ये पॅलेडियम तयार बसलेलं असतं, त्याच्यापर्यंत माल पोहोचत नाही.

एक नेहमीचं उदाहरण घ्या. ४-ब्रोमोबायफिनाइल आणि ४-मेथॉक्सिफिनाइल बोरॉनिक आम्ल. ब्रोमाइड स्फटिकी आहे, वितळबिंदू ९० अंशांच्या आसपास. तयार होणारं टरफिनाइल २०० अंशांच्या वर वितळतं आणि फारशा कशात विरघळत नाही. प्रॉडक्ट बनताच घट्ट होतं आणि न वापरलेल्या ब्रोमाइडच्या कणांवर कवच धरतं. रिअ‍ॅक्शन जितकी जोरात सुरू होईल तितकं कवच लवकर. तुमची रिअ‍ॅक्शन सुरुवातीला झपाट्याने जाऊन मग एकदम थांबत असेल तर हेच घडतंय असं समजा.

नमुना खरा आहे का, हे आधी बघा

गोळा फोडण्याआधी एक गोष्ट. फिरत्या मिश्रणात केशनलिका बुडवून काढलेला थेंब संपूर्ण फ्लास्कची बातमी देत नाही. तो पाण्याच्या भागातून आला तर त्यात गोळ्यातलं काहीच नसतं आणि रिअ‍ॅक्शन पूर्ण झाल्यासारखी दिसते. चुकून गोळ्याचा कण आला तर काहीच झालं नाही असं दिसतं. एकाच फ्लास्कमधून पाठोपाठ घेतलेल्या दोन नमुन्यांचे आकडे जुळत नसतील तर एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक मोजणाऱ्या यंत्रावर) शंका घेऊ नका, नमुन्यावर घ्या.

उपाय सोपा आहे, फक्त आळस नको. छोट्या प्रमाणावर, अर्धा मिलिमोल १ मिली पाण्यात, तीन-चार सारख्या व्हायल एकदम लावा. ठरलेल्या वेळी एक पूर्ण व्हायल टीएचएफ किंवा अ‍ॅसिटोनायट्राइलने पातळ करा, गोळा पूर्ण विरघळू द्या आणि मगच नमुना काढा. मोठ्या फ्लास्कमध्ये हे जमत नाही. तिथे स्पॅटुलाने गोळ्याचा तुकडा वेगळा काढून त्याची स्वतंत्र टीएलसी घ्या.

हा तुकडा पुष्कळ काही सांगतो. पांढरा, कुरकुरीत आणि बहुतांश ब्रोमाइड निघाला तर माल सुरुवातीपासून भिजलाच नाही. पिवळट, च्युइंगमसारखा ताणला जाणारा असेल आणि त्यात ब्रोमाइड व प्रॉडक्ट दोन्ही असतील तर वरची कवचाची गोष्ट. तुकड्यात फक्त प्रॉडक्ट असेल आणि ब्रोमाइड पाण्यातल्या भागात उरलं असेल, तर बोरॉनिक आम्ल संपलंय. काही बोरॉनिक आम्लं बेसच्या सान्निध्यात बोरॉन सोडून देतात, विशेषतः हेटरोसायक्लिक. तिथे थोडं जास्त आम्ल घेणं किंवा एमआयडीए बोरोनेट (बोरॉनिक आम्लाचं झाकलेलं रूप) वापरून ते सावकाश सुटू देणं हा मार्ग आहे. काळे चकचकीत पापुद्रे दिसले तर मात्र पॅलेडियम मेलंय. तेव्हा ऑक्सिजनचा भाग वाचा, खाली आहे.

गोळा फोडणं

सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे थोडं को-सॉल्व्हंट, पाण्याच्या जोडीला सेंद्रिय द्रावक. पाण्याच्या आकारमानाच्या १० टक्क्यांपर्यंत टीएचएफ, अ‍ॅसिटोन किंवा टोल्युइन. लिपशुट्झ यांच्या गटाने २०१७ मध्ये याच विषयावर वेगळा निबंध प्रसिद्ध केला, आणि त्यानंतर हे जवळजवळ नेहमीचंच झालं. काहींना यात कमीपणा वाटतो, "मग पाण्यातली रिअ‍ॅक्शन कुठे राहिली?" मला हा आक्षेप पटत नाही. १०० मिलीला १० मिली टोल्युइन घालून काम होत असेल तर ते १०० मिली डीएमएफपेक्षा कैक पटींनी बरं.

कोणतं को-सॉल्व्हंट घ्यायचं हे अंदाजाने ठरवू नका, कोरी चाचणी करा. चार व्हायल घ्या, प्रत्येकीत ब्रोमाइड आणि १ मिली सर्फॅक्टंटचं पाणी. कॅटॅलिस्ट नाही, बेस नाही. पहिलीत काही घालू नका, बाकींत १०० मायक्रोलिटर टीएचएफ, अ‍ॅसिटोन, टोल्युइन. वीस मिनिटं फिरवा, मग स्टिरर बंद करून व्हायल उजेडासमोर धरा. कण काचेला चिकटलेत की तरंगताहेत? तळाशी वाळूसारखं बसलंय की सगळं एकसारखं दुधट आहे? जी व्हायल एक-दोन मिनिटं दुधट राहते ती निवडा. मग तीच चाचणी तयार प्रॉडक्टचे थोडे कण टाकून पुन्हा करा, कारण अडचण बहुधा शेवटी प्रॉडक्टमुळे येते. एवढ्या चाचणीत पॅलेडियमचा एक कणही खर्च होत नाही.

कवच धरणाऱ्या मालाला टोल्युइन जास्त मानवतं, कारण ते कणाच्या आत शिरून त्याला मऊ ठेवतं. प्राथमिक अमाइन असेल तर अ‍ॅसिटोन टाळा, इमाइन बनेल.

दुसरी गोष्ट घालण्याचा क्रम. ब्रोमाइड, बोरॉनिक आम्ल आणि बेस सगळं एकत्र टाकून वरून पाणी ओतलं की कोरड्या भुकटीच्या गाठी होतात आणि त्या शेवटपर्यंत सुटत नाहीत. आधी स्फटिकी ब्रोमाइड खलात बारीक करा. ते को-सॉल्व्हंटमध्ये भिजवा किंवा विरघळवा, मग सर्फॅक्टंटचं पाणी, मग बोरॉनिक आम्ल आणि कॅटॅलिस्ट. बेस सगळ्यात शेवटी, थोडा थोडा. ट्रायइथाइल अमाइन इथे पोटॅशियम फॉस्फेटपेक्षा अनेकदा बरं पडतं. ते स्वतः तेलकट भागात जातं आणि मालालाही सैल ठेवतं.

तापमान ४०–४५ अंशांवर नेऊन बघायला हरकत नाही. पण त्याला एक मर्यादा आहे. पीईजीची शेपूट असलेले सर्फॅक्टंट ठरावीक तापमानाच्या वर पाण्याला सोडायला लागतात, द्रावण गढूळ होतं आणि पुढे वेगळा थर पडतो. याला क्लाउड पॉइंट म्हणतात. ट्रायटन एक्स-१०० चा तो ६५ अंशांच्या आसपास आहे, आणि पाण्यात क्षार असले की आणखी खाली येतो. "जास्त तापवलं तर जास्त अडकलं" असं दिसलं तर नुसतं सर्फॅक्टंटचं पाणी तेवढ्याच बेससकट तापवून बघा. गढूळ झालं आणि थंड केल्यावर निवळलं, तर कारण सापडलं.

स्टिररबद्दल थोडक्यात: छोट्या व्हायलमध्ये तळाची रुंदी व्यापणारा बार आणि भरपूर वेग. गोलाकार फ्लास्कमध्ये अर्धचंद्राकृती पॅडल सगळं एकत्र गोल फिरवतं, पण वरचं खाली करत नाही. तिथे तिरक्या पात्यांचं स्टिरर घ्या.

काळं पडणं, फेस आणि ऑक्सिजन

पाण्यात ऑक्सिजन थोडाच विरघळतो, २५ अंशांना लिटरला ८ मिलिग्रॅमच्या आसपास. पण मिसेलच्या तेलकट गाभ्यात तो पाण्यापेक्षा जास्त रमतो, म्हणजे नेमका तिथेच जिथे पॅलेडियम आणि त्याला धरून ठेवणारा फॉस्फिन हा रेणू बसलेत. म्हणून हवा काढणं गरजेचं आहे. पण सर्फॅक्टंट घातलेल्या पाण्याला व्हॅक्यूम लावला की फेस थेट पंपाकडे धावतो आणि आर्गॉन जोरात सोडला तर फ्लास्कच्या गळ्यातून बाहेर येतो. मग माणूस घाबरून डीगॅसिंग अर्धवट सोडतो आणि दुसऱ्या दिवशी काळे पापुद्रे बघतो.

क्रम उलटा करा. आधी नुसतं पाणी उकळून आर्गॉनखाली थंड करा किंवा त्यात आर्गॉन सोडा. मग सर्फॅक्टंटचा मेणासारखा तुकडा आर्गॉनच्या प्रवाहात टाका आणि हळू फिरवत विरघळू द्या. त्याला वेळ लागतो, लागू द्या. बाटली हलवायची नाही. तयार साठा आर्गॉनखाली ठेवा. पुढे रिअ‍ॅक्शन लावताना वायू द्रवात न सोडता नुसता पृष्ठभागावरून जाऊ द्या.

जुन्या साठ्याचीही एक खोड आहे. पीईजीच्या साखळ्या हवेत राहून पेरॉक्साइड बनवतात, आणि पेरॉक्साइड फॉस्फिनला खातात. पूर्वी नीट चालणारी रिअ‍ॅक्शन काही आठवड्यांनी कारण नसताना मंदावली तर पेरॉक्साइडची पट्टी बुडवून बघा. ताजा साठा करणं हाच उपाय. दुसरं म्हणजे टीपीजीएसमध्ये एस्टरचा दुवा आहे, त्यामुळे कडक सोडियम हायड्रॉक्साइड आणि उष्णता एकत्र आली तर सर्फॅक्टंटच तुटतो.

फेस मोडायला सिलिकॉनचं अँटीफोम घालू नका. ते प्रॉडक्टबरोबर शेवटपर्यंत येतं.

एसडीएस किंवा सीटॅब वापरत असाल तर

टीपीजीएस महाग पडतं, त्यामुळे कॉलेजच्या प्रयोगशाळांत एसडीएस (सोडियम डोडेसिल सल्फेट) आणि सीटॅब (सेटिलट्रायमिथाइल अमोनियम ब्रोमाइड) या सर्फॅक्टंटवर काम चालतं. चालायला हरकत नाही, फक्त त्यांचे स्वभाव वेगळे आहेत. एसडीएसचं पाणी आणि पोटॅशियम कार्बोनेट एकत्र केलं की लगेच पांढरा साका पडतो. पुष्कळांना वाटतं बोरॉनिक आम्ल बाहेर पडलं. तो पोटॅशियम डोडेसिल सल्फेट असतो, खोलीच्या तापमानाला जवळजवळ न विरघळणारा. सर्फॅक्टंटच पाण्यातून निघून गेला, मग मिसेल कुठून असणार! सोडियम कार्बोनेट वापरा, प्रश्न तिथेच मिटतो. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियमही हाच घोळ करतं, म्हणून डिस्टिल्ड पाण्याशिवाय एसडीएस वापरू नका. आम्लात तापवलं तर एसडीएस हळूहळू तुटून डोडेकॅनॉल देतो, आणि तो नको तिथे ठिपका म्हणून दिसतो.

सीटॅबची गंमत एसीत दिसते. २५ अंशांच्या खाली त्याचे सुईसारखे चकचकीत स्फटिक पडायला लागतात. दुपारी चाललेली रिअ‍ॅक्शन सकाळच्या गार खोलीत चालत नाही, यामागे कधी कधी एवढंच असतं. फ्लास्क ३० अंशांवर ठेवा. आणि एसडीएस व सीटॅब एकमेकांत मिसळू नका, विरुद्ध भारांचे असल्याने दोघेही साका होऊन बसतात.

नायट्रो गटाचं क्षपण करणाऱ्यांसाठी एवढंच: कार्बोनिल लोहाची भुकटी चुंबकाला चिकटते. बार काळ्या मिशा लावून फिरत राहतो आणि पाण्यात लोह उरतच नाही. वरून फिरवणारं स्टिरर लावा, किंवा जस्त आणि अमोनियम क्लोराइड घ्या.

वर्कअपमध्ये (प्रॉडक्ट वेगळं काढताना) इमल्शन

रिअ‍ॅक्शन पूर्ण झाली आणि सेपरेटिंग फनेलमध्ये तीन थर दिसताहेत, मधला मलईसारखा. सवयीने फनेल जोरात हलवली की हे होणारच, तुम्ही सर्फॅक्टंट घुसळताय. प्रॉडक्ट घन असेल तर फनेल काढूच नका. मिश्रण दुप्पट पाण्याने पातळ करा, थंड करा, गाळा, पाण्याने आणि मग थोड्या गार पाणी-मेथॅनॉलने धुवा. को-सॉल्व्हंट घातलं असेल तर ते आधी कमी दाबाखाली काढा, पण फेस सांभाळून.

प्रॉडक्ट तेल असेल तर फ्लास्कमध्येच कमीत कमी इथाइल अ‍ॅसिटेट किंवा एमटीबीई घालून हळू फिरवा, थर पडू द्या, वरचा थर पिपेटने काढा. असं दोन-तीनदा. डायक्लोरोमिथेन टाळा, ते खाली जातं आणि इमल्शन अधिक हट्टी होतं. मधला थर सुटत नसेल तर सेलाइटच्या पॅडमधून गाळा किंवा सेंट्रिफ्यूज करा. मीठ घालायला हरकत नाही, पण बेताने. जास्त झालं तर सर्फॅक्टंटही वरच्या थरात ढकलला जातो. तो प्रॉडक्टमध्ये आलाय का हे प्रोटॉन एनएमआरमध्ये लगेच कळतं: ३.६४ च्या आसपास पीईजीचं उंच टोक आणि ३.३८ ला मेथॉक्सीचं. छोट्या सिलिका प्लगवर हेक्झेन-इथाइल अ‍ॅसिटेटने प्रॉडक्ट पुढे येतं, सर्फॅक्टंट बराचसा मागे अडकतो.

उरलेल्या पाण्याचं काय

पाणी वापरलं म्हणजे काम हरित झालं, असं मी मानत नाही. लिटरला २० ग्रॅम सर्फॅक्टंट असलेल्या पाण्याचा सीओडी (त्यातली सेंद्रिय घाण जाळायला लागणारा ऑक्सिजन) हिशेबाने लिटरला ४० हजार मिलिग्रॅमच्या घरात जातो, विरघळलेलं को-सॉल्व्हंट आणि पॅलेडियम वेगळंच. आपल्याकडे नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्याला सीओडीची सर्वसाधारण मर्यादा २५० मिलिग्रॅम आहे. तारापूर, महाड, कुरकुंभकडच्या रासायनिक कारखान्यांत काम करणाऱ्यांना ईटीपीवर (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रावर) फेस आल्यावर काय ऐकून घ्यावं लागतं ते सांगायला नको. तेव्हा पाणी ओतायचं नाही, पुन्हा वापरायचं. एमटीबीईने प्रॉडक्ट काढल्यावर सर्फॅक्टंट बहुतांश पाण्यातच राहतो, आणि त्याच पाण्यात नवा माल घालून पुढची रिअ‍ॅक्शन लावता येते.

पुनर्वापरात तिसऱ्या-चौथ्या खेपेला पुन्हा गोळा धरायला लागला तर कारण बहुधा साचलेले क्षार असतात. प्रत्येक खेपेला बेसपासून बनणारे ब्रोमाइड आणि बोरेट क्षार पाण्यात वाढत जातात आणि क्लाउड पॉइंट खाली सरकतो. प्रत्येक खेपेआधी त्या पाण्यातलं २ मिली टेस्ट ट्यूबमध्ये घेऊन रिअ‍ॅक्शनच्या तापमानापेक्षा १० अंश वर तापवा. स्वच्छ राहिलं तर वापरा. गढूळ झालं तर निम्मं पाणी काढून तेवढाच ताजा २ टक्क्यांचा साठा घाला आणि ट्यूब पुन्हा तापवून बघा. काढलेलं पाणी वेगळ्या कॅनमध्ये ठेवा, त्यात पॅलेडियम आहे.